चिंतामणरावांचे सव्वीस आश्रयदाते

माधवनगरच्या गिरणीतली अठरा वर्षांची कारकुनी सोडून चिंतामणराव आठल्ये साताऱ्यात आले आणि १९४६ च्या जूनमध्ये त्यांनी टायपिंग व जमाखर्चाचा वर्ग काढला. लष्करी मोडीतून घेतलेली तीन यंत्रे, भाड्याची माडी, आणि टायपिंग शिकवायला पलटणीत हवालदार-कारकून म्हणून नोकरी करून परतलेला कोरेगावकडचा सयाजी. सैनिक कचेरीने अट घातली होती : ऑगस्टअखेर पटावर पंधरा नावे दिसली, तर लढाईवरून परतलेले शिपाई तुमच्याकडे शिकायला पाठवू. तेवढी नावे झाली नाहीत तर वर्ग बंद, हे चिंतामणरावांना पुरते ठाऊक होते.

गावात त्यांना कोणी ओळखत नव्हते. पण ओळखी जोडायच्या त्या वकील, डॉक्टर, पेढीवाले आणि निवृत्त मामलेदार यांच्याशीच, अशी त्यांची पक्की समजूत. सारा जुलै ते काळी टोपी घालून बड्यांचे उंबरे झिजवीत होते. प्रत्येकाने उपक्रम उत्तम असल्याचे सांगितले आणि आश्रयदाता म्हणून आपले नाव छापायची उदार परवानगी दिली. अशी सव्वीस नावे झाली. मग वकिलांना डॉक्टरांच्या खाली राहणे जड जाऊ लागले, म्हणून चिंतामणरावांनी जाहिरातीच्या कागदावर नावे गोलाकार मांडायला लावली. तरी वर्तुळालाही माथा असतो, हे मामलेदारांच्या नजरेतून सुटले नाही. माथ्यावर गणपती छापून तंटा मिटवला. या सगळ्यात फी किती, वेळ कोणती, इंग्रजी किती लागते, हे छापायला कागदावर जागाच उरली नाही.

सयाजीने तो कागद उलटसुलट पाहिला.

"आवं, पेन्शनीच्या दिवशी कोरेगावच्या कचेरीम्होरं लय माणूस जमतं. झाडाखाली यंत्र मांडतो, लोकांचे अर्ज फुकट टाइप करून देतो. कुणाचा ल्योक, कुणाचा पुतण्या, पोरं आपसूक येतील."

"विद्यालय आहे हे, सयाजी. जत्रेतला पाळणा नव्हे."

ऑगस्टच्या सुरुवातीला उद्घाटन थाटात झाले. यंत्राला हळदकुंकू वाहिले. त्यातले निम्मे आत सांडून दोन अक्षरे अडकून बसली. अध्यक्षांनी एक कळ दाबली, टाळ्या पडल्या. मग तरुणांनी उद्योगाला लागावे, यावर पाच जणांनी भाषणे केली. पाचांचीही मुले पुण्यात वकिली शिकत होती.

सयाजीच्या शब्दावर आलेले नऊ शिपाईगडी जिन्यात उभे होते. खुर्च्या आश्रयदात्यांच्या, आणि पानसुपारीचे तबक जिन्यापर्यंत पोचेतो रिकामे झालेले. त्यांतल्या धुळा नावाच्या गड्याने विचारले, "इंग्रजी किती लागतं रं? आन किती म्हयनं?" सयाजी यंत्रावर बसून दाखवणार, तोच चिंतामणरावांनी त्याच्या हाती गुलाबदाणी दिली आणि पाहुण्यांवर शिंपडायची खूण केली.

सयाजीने ती टेबलावर ठेवली. "ही तुमीच फिरवा," म्हणाला, आणि नऊ जणांना घेऊन जिना उतरला.

मग पट घेऊन चिंतामणराव पुन्हा सव्वीस दारी हिंडले. घरटी एक मुलगा मागत होते. वकिलांनी तारीख असल्याचे सांगितले. डॉक्टरांनी, आमच्याकडे कारकून कोण होणार, असे हसत विचारले, आणि अठरा वर्षे कारकुनी केलेले चिंतामणराव त्यावर हसलेसुद्धा. अखेर पटावर एकच नाव चढले. तो घरमालकाचा भाचा. तोही दुपारी माडीवर वारा येतो म्हणून.

ऑगस्टअखेर कचेरीचा माणूस आला. पट पाहून उभ्याउभ्याच परतला. जाताना म्हणाला, कोरेगावात एका हवालदाराने उसन्या यंत्रावर सतरा गडी बसवलेत, त्यांना मान्यता देतो आहोत.

आठवड्याने सयाजी स्वतः आला. मागचे काही काढले नाही.

"टायपिंग मी बघतो. पण जमाखर्च मला येत न्हाई. यंत्रं घेऊन या, त्यो तुमी शिकवा."

चिंतामणराव दोन दिवस विचारात असल्यासारखे राहिले. तिसऱ्या दिवशी बैलगाडीत यंत्रे चढवून कोरेगावला गेले. खतावणी ते झकास शिकवीत, हे खोटे म्हणता येणार नाही. कुळवाडी पोरे महिन्याभरात ताळेबंद जुळवू लागली.

मात्र रविवारी साताऱ्यात कोणी आश्रयदाता भेटला, की टोपी सावरून ते सांगत, "सध्या कोरेगावला शाखा काढलीय. एक हवालदार ठेवलाय देखरेखीला."