चुलीशेजारच्या चार काड्या

आमच्या गावात कुणाचं वाईट चिंतायचं असेल तर म्हणतात, "तुझ्या चुलीत अंजीर उगवो." घर ओस पडलं की चुलीच्या भेगेतून पहिलं डोकं अंजीरच काढतं, म्हणून. अख्खं गाव अंजिरावर जगतं, पण घराच्या भिंतीलगत कुणी अंजीर लावत नाही. आणि नेझाहतने ते थेट चुलीपाशी आणून ठेवलं, तेही सासूच्या डोळ्यांदेखत.

नेझाहत माझी शेजारीण. आमच्यामध्ये एक कुंपण आणि कुंपणाला एक भगदाड. वीस वर्षांत ती फाटकातून आली असेल दोनदा. बुटकी, दणकट, बोलता बोलता वाक्य अर्धं सोडून कामाला लागणारी. डोंगरउतारावर तिची सव्वीस अंजिराची झाडं आहेत, आणि खाली रस्त्याकडेच्या बांधावर एकच नर झाड होतं, तिच्या आजेसासऱ्यांनी लावलेलं. नराची फळं खायच्या कामाची नाहीत. पण जूनमध्ये ती लव्हाळ्यात ओवून मादी झाडांना टांगली नाहीत, त्यांच्यातली चिलटं पराग घेऊन मादी फळांत शिरली नाहीत, तर आमची मधासारखी अंजिरं हिरवीच गळतात. नरफळं बाजारातही मिळतात. पण नेझाहतची झाडं उंचावरची, आठवडाभर उशिरा तयार होणारी. त्या आठवड्याला जुळणारं हेच एक झाड होतं.

एका जानेवारीत रस्ता रुंद करणारी माणसं आली आणि त्याच्या खोडावर लाल फराटा मारून गेली.

"बाजारातून आणू," तिचा नवरा रिफ्की म्हणाला.

"गारपिटीच्या वर्षी आणलीत ना? काय हाती लागलं?"

"टोपलीभर लागली की."

"सव्वीस झाडांची टोपलीभर! मी याच्याच काड्या लावणार."

"लावशील कुठे? बांधच जाणार आहे. नवा बांध कुठून जाईल ते त्यांनाच ठाऊक नाही."

"बांध ठरेपर्यंत डब्यात वाढवीन."

चहाच्या टपरीवर पुरुषांना आठवडाभर विषय मिळाला. आमच्याकडे काडी थेट जमिनीत खोचतात. नशिबात असेल ती जगते. "रिफ्कीची बायको अंजिराला डब्यात झोपवते, आता दुपटी शिवेल," असं म्हणत हसायचे. रिफ्कीही हसायचा, पण काड्या कापायला शिडी त्यानेच धरली. वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड अशा बारा काड्या. खालून सरळ काप, वरून तिरका, म्हणजे उलटी लागायला नको. चीक सुकू दिला आणि लोणच्याच्या रिकाम्या पारदर्शक बरण्यांना बुडाशी भोकं पाडून, नदीची वाळू भरून त्यात एकेक लावली.

मार्चमध्ये एका सकाळी यंत्र आलं आणि अर्ध्या तासात झाड आडवं झालं. नेझाहत बघायला गेली नाही. मी कुंपणातून गेले तेव्हा ती बरण्यांकडे बघत होती. बाराही काड्यांना कोवळी पानं फुटली होती, मांजरीच्या पिल्लाच्या पंजाएवढी.

"बघ," ती म्हणाली, "लागल्या!"

त्याच आनंदात तिने दुसऱ्या दिवशी आठ काड्या ऑलिव्ह तेलाच्या मोठ्या डब्यांत हलवल्या. शेणखत घातलं, भरपूर पाणी घातलं. आठच, कारण डबे आठच होते. वर चार दिवस गार पाऊस लागला. पानं माना टाकू लागली. तिने एक काडी उपटली. मूळ नावालाही नव्हतं. बूड काळं, मऊ. दुसरी तशीच. आठही तशाच. काडीत साठलेल्या बळावर फुटलेली पानं ती, मुळाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता.

तेव्हा तिची सासू हाजेर घरातल्या कोपऱ्यातून बोलली. ऐंशीची म्हातारी; दिवसभर चुलीशी बसून जाळ सांभाळणारी.

"पानं बघून भुललीस. मी नवऱ्याच्या मिशा बघून अशीच भुलले होते."

नेझाहत हसली नाही. उरलेल्या चार बरण्या तिने उचलल्या, घरात आणल्या आणि चुलीच्या कडेला मांडल्या. ओल्या गारव्यात मूळ धरत नाही, ऊब लागते. आणि त्या घरात ऊब एवढ्या एकाच जागी होती.

"सूनबाई! माझ्या चुलीत अंजीर?"

"चुलीत नाही, आई. शेजारी."

"शेजारून आत यायला किती वेळ लागतो? घर बुडवायला निघालीस!"

"झाडं फळली नाहीत तर घर तसंही बुडणारच आहे. मग चुलीचं काय लोणचं घालू?"

हाजेरने तोंड भिंतीकडे केलं. तीन दिवस सुनेच्या हातचा चहा घेतला नाही, मी नेऊन द्यायची तो प्यायची, आणि मलाच विचारायची, "आहे का अजून ती अवदसा तिथेच?" नेझाहतने बरण्या हलवल्या नाहीत. पाणी चमच्याने द्यायची. पान आलं की खूश व्हायची नाही. रोज बरणी बाहेरून पुसून फक्त वाळूकडे बघायची.

चौथ्या दिवशी आम्ही दोघी रानभाजी खुडून परतलो, तर बरण्यांखाली लाकडी फळी होती. बरण्या फिरवून दुसऱ्या अंगाने जाळाकडे केलेल्या.

"खाली दगड तापतो," हाजेर भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली. "बूड भाजलं असतं. आणि मध्ये फळी आली की ती चूल होत नाही."

"असं कुणी सांगितलं, आई?"

"मी सांगते. कोण विचारणार आहे मला?"

मे लागता लागता दोन काड्या वाळल्या. उरलेल्या दोन बरण्यांना आतून मुळांचे पांढरे दोरे टेकले. आधी एक, मग जाळंच. रिफ्की तेलाचे डबे घासून घेऊन आला. नेझाहतने त्याला परत पाठवलं. वाळूभर मुळं होईपर्यंत ती थांबली, मग रोपं दह्याच्या रिकाम्या लहान बादल्यांत हलवली. मुळांनी बादली भरली तेव्हा, ऑगस्टमध्ये, तेलाचा डबा. मुळाशी हात न लावता, मातीचा गोळा जसाच्या तसा. डब्याच्या बुडाला सात-सात भोकं हाजेरने स्वतः खिळ्याने पाडली आणि म्हणाली, "आता आजच्या आज घराबाहेर."

नोव्हेंबरात नवा बांध घातला गेला, आणि दोन्ही रोपं त्यावर गेली.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी जूनमध्ये त्यांतल्या एका झाडाने नऊ फळं दिली. नऊ म्हणजे काहीच नाही. बाकी झाडांना बाजारातली टांगली, आणि ती नऊ तीन लव्हाळ्यांत ओवून नेझाहतने सगळ्यांत उंचावरच्या झाडाला बांधली. जुलैत इतर झाडांखाली गळलेल्या हिरव्या फळांचा सडा पडला. त्या झाडाखाली मी वाकून शोधलं. मला गळलेली चारच सापडली.

"आता?" मी विचारलं.

"आता पंचवीस झाडं राह्य..." म्हणत ती काड्या कापायची कात्री घेऊन बांधाकडे निघालीसुद्धा.