सुंदराबाईची कांडी

कर्जतच्या धर्मादाय दवाखान्यात सुंदरा कामाला लागली, तेव्हा काय करायचं ते सांगायच्या आधी काय करायचं नाही तेच तिला सांगण्यात आलं. सुई टोचायची नाही. औषध द्यायचं नाही. रोग्यानं ‘मला काय झालंय’ विचारलं तर ‘डॉक्टर सांगतील’ म्हणायचं आणि पुढे सरकायचं. द्वारकाबाई सिस्टरनी ही यादी आपल्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवली होती. द्वारकाबाई मुंबईला तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन, डोक्यावर टोपी मिळवून आलेल्या. सुंदरा मराठी चौथी पास आणि सहा महिने हाताखाली राबून तयार झालेली. रोग्याच्या तोंडात घालायच्या तीनच गोष्टी तिच्या अखत्यारीत होत्या: पाणी, पेज आणि थर्मामीटर.

पण त्या तिसऱ्या गोष्टीनंच घोटाळा केला. त्या वर्षी, म्हणजे त्रेचाळीस साली, भातकापणीच्या सुमारास तालुक्यात हिवतापानं नुसता धुमाकूळ घातला होता. माणसं हुडहुडत यायची. सुंदरा त्यांच्या जिभेखाली थर्मामीटर ठेवायची, जवळ बसून राहायची, मग तो काढून उजेडाकडे धरायची आणि जोरात झटकायची. रोगी टक लावून बघत असायचा. काचेच्या कांडीत चढलेला ताप बाईनं झटकून टाकला, यात त्याला तिळमात्र शंका नसे. दोन दिवसांनी ताप उतरे, मधल्या कडू औषधाचा त्याला साफ विसर पडे आणि गावी जाऊन तो सांगे, ‘सुंदराबाईची कांडी लावा, ताप पळतो.’

सुंदरानं पुष्कळ समजावून पाहिलं. “अवो, ह्यानं ताप निस्ता मोजत्यात,” ती म्हणायची. लोक एकमेकांकडे बघून हसायचे. बाई गुणाची, मोठेपणा घेत नाही, म्हणायचे. झालं! भिवपुरीहून, कळंबहून माणसं यायला लागली ती डॉक्टरांच्या खोलीवरून सरळ पुढे जाऊन कांडीची बाई कुठे बसते ते विचारायला लागली.

डॉक्टर टिपणीस मनानं चांगले, पण नाकावर राग. त्यांनी सुंदराला बोलावलं. “तुम्ही उपचार करता असं गावभर झालंय. उद्यापासून थर्मामीटर सिस्टर लावतील. पुन्हा असं काही कानावर आलं, तर घरी बसायचं.”

घरी म्हणजे दिराच्या घरी. तिथे भांडी घासायची, चूल फुंकायची आणि ‘ए’ म्हटलं की ओ द्यायची. नवरा गेल्यावर चार वर्षं तिनं तेच केलं होतं. तिला नावानं हाक मारून पुढे ‘बाई’ लावणारं साऱ्या जगात एकच ठिकाण होतं, ते म्हणजे हा दवाखाना. सुंदरानं मुकाट्यानं थर्मामीटर द्वारकाबाईंच्या हातात दिला. त्या दिवशी तिनं पेज ढवळता ढवळता पदरानं डोळे पुसले, आणि चुलीला धूर नसल्यामुळे त्याला काही सबबही सांगता येईना.

आठवड्यात कळंबचे मालोजीबाबा बैलगाडीतून आले. अंगात हिवताप, वर तिरसट स्वभाव. द्वारकाबाईंनी क्विनाईनचं औषध पाजलं, ते त्यांनी घटकेत तस्तात थुंकलं. लढाईमुळे क्विनाईन मिळायची मारामार, त्यामुळे सिस्टरांच्या ते अगदी जिवाला लागलं. त्यांनी थर्मामीटर पुढे केला, तर म्हाताऱ्यानं ओठ घट्ट मिटून घेतले.

“तुमची नगं. सुंदराबायची कांडी पायजे.”

“अहो, कांडी तीच आहे!”

“कांडी तीच असंल. हात त्यो नाय. गाडी जुपा रं, मी चाललो घरला.”

असाच घरी गेला तर म्हातारा जगायचा नाही, हे सुंदराला उमगत होतं. ओली घडी कपाळावर ठेवायची तिला परवानगी होती, तेवढी ठेवत ती म्हणाली, “बाबा, खरं सांगते, त्या कांडीत काय बी औशद नाय. आन मला ती लावायची मनाई हाय. पर शिस्टरांचं औशद पोटात ठिवणार असाल, तर मी डाक्टरास्नी इचारते.”

“तू कांडी लाव, मी जहर बी पितो.”

डॉक्टरांच्या दारापर्यंतची पंधरा पावलं सुंदराला पंधरा कोसांची वाटली. आत जाऊन ती जमेल तितक्या शुद्ध भाषेत एका दमात बोलली, “साहेब, माझी नोकरी गेली तर जाऊ द्या, पण मालोजीबाबा औषध घेत नाहीत. औषध सिस्टरच देतील. मला फक्त ताप मोजू द्या.”

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आधी औषध,” ते म्हणाले, “मग कांडी.” आपल्या तोंडून कोणता शब्द गेला हे कळल्यावर ते खोकले.

मालोजीबाबांनी तोंड वेंगाडत, सिस्टरना शिव्या देत, पण थेंबही न सांडता औषध गिळलं. मग चूळ भरायची, थोडं थांबायचं आणि सुंदरानं कांडी लावून उशाशी बसायचं, असा दिवसातून चार वेळा नेम. आठव्या दिवशी बाबा पटका बांधून, काठी टेकत निघाले. ओसरीवर आलेल्या माणसांसमोर म्हणाले, “ताप पळवला तो सुंदराबायनं.”

सुंदरानं चटकन मागे वळून पाहिलं. डॉक्टर दारातच उभे होते.

“नाय वो बाबा! शिस्टरांच्या औशदानं बरं वाटलं. मी निस्ता ताप मोजला!”

“आगं, मला का येडा समजतीस?” म्हातारा म्हणाला. “औशदाचा गुन औशदाला. पर आमच्याकडं माणसाला ताप भरला म्हंजी त्याच्यावर वाकळ घालून घरची माणसं शेतावर जात्यात. मी सकाळधरनं सांजपावतर आढ्याकडं बघत पडायचो. हितं दिसातनं चार येळा माज्याजवळ येऊन बसलं कोन?”

डॉक्टर आत निघून गेले. थर्मामीटर सुंदराकडेच राहिला.

पुढच्या महिन्यात द्वारकाबाईंनाच हिवतापानं गाठलं. थर्मामीटरात पारा असतो, तो उष्णतेनं चढतो, झटकला की उतरतो, हे त्या परीक्षेत सविस्तर लिहून आल्या होत्या. दोन दिवस त्या आपल्या खोलीत एकट्याच पडून होत्या. तिसऱ्या दिवशी सुंदरा पेज घेऊन गेली, तेव्हा त्यांनी पांघरुणातून हात बाहेर काढून तिचा पदर धरला.

“सुंदराबाई,” त्या म्हणाल्या, “जरा कांडी लावता का हो?”

“आधी औषध,” सुंदरा म्हणाली, आणि स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसली.