त्याला टाइम दिलाय

“त्याला टाइम दिलाय मी,” असं म्हणून ती डावं मनगट आत वळवायची. घड्याळाची तबकडी ती नाडीच्या बाजूला बांधायची, त्यामुळे वेळ बघताना स्वतःचीच नाडी तपासतेय असं वाटायचं. मी एकदा विचारलं, “वहिनी, चेहरा उतरलाय. बरं नाही का?”

“डोकं दुखतंय भाऊजी. पण त्याला रविवारचा टाइम दिलाय.”

आणि तुम्हाला म्हणून सांगतो, रविवारी दुपारी तीन ते चार ते डोकं इमानेइतबारे दुखलं. माझी बायको बाम घेऊन गेली होती, तिने डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा दिल्लीत मेट्रो नव्हती. मयूर विहारमधून नेहरू प्लेसला जायचं तर आमची चार्टर्ड बस. ठरलेली माणसं, ठरलेल्या जागा, ठरलेली वेळ. मी त्या बसचा सेक्रेटरी. म्हणजे पगार नाही, मान नाही, गळ्यात एक शिट्टी. वेटिंग लिस्ट माझ्या वहीत असायची आणि ती एवढी लांब होती, की लोक लग्न ठरल्यावर आधी माझ्याकडे नाव लिहायचे आणि मग हॉल बघायला जायचे.

ती आली तेव्हा परदेशी कंपन्या नुकत्याच दिल्लीत उतरत होत्या. अशाच एका नव्या ऑफिसात तिला कॉम्प्युटरवर काम मिळालं होतं. माहेर कराडकडचं. नवरा फौजेत, आणि पोस्टिंग असं की तिथे बायकामुलांना नेता येत नव्हतं. त्यामुळे तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट, सहा वर्षांची मुलगी, तीन वर्षांचा मुलगा आणि ही. सासूबाई गावी अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांपाशी अडकलेल्या. कामाला बाई ठेवली तर ती चौथ्या दिवशी पळायची. का, ते पहिल्या बाईनेच माझ्या बायकोला सांगितलं, “भाभीजी के घर में साँस लेने का भी टाइम लिखा है।”

लिहिलेला नव्हता. पण बाकी सगळ्याचा होता. मुलं संध्याकाळीच अंघोळ करून शाळेच्या युनिफॉर्ममध्ये झोपायची. मी नवल केलं तर म्हणाली, “झोपेत फ्रॉक चुरगळतो भाऊजी, पोरगी नाही.” सकाळी दात घासायची सुरुवात तिसऱ्या मजल्यावर व्हायची आणि चूळ खालच्या नळावर. मुलगी स्ट्रॉने दूध प्यायची, कारण ग्लास तोंडाला लावला की मान मागे जाते आणि वेणी ढिली पडते. सहा जिने उतरेपर्यंत दोन्ही वेण्या पूर्ण. एकदा घाईघाईत तिने शेजारच्या साउथ इंडियन आजोबांच्या शेंडीचीही वेणी घातली आणि त्यांना ती इतकी आवडली की ते तशीच घालून पेन्शन आणायला गेले. हे मी पाहिलेलं नाही, पण अविश्वास दाखवायला मला सवड नव्हती.

सवड म्हटल्यावर आठवलं. तिच्या मुलीचं मराठी अर्धं दिल्लीचं झालेलं. मी तिला विचारलं, “काय गं, आईला सवड आहे का?” पोरगी गोंधळली. “आई, सवड क्या होता है?”

आई तेव्हा धाकट्याचं नाक पुसत होती. म्हणाली, “आजीकडे असते ती.”

बसमध्ये तरी तिने बसावं ना! थंडीत दिल्लीच्या चार्टर्डमध्ये बायका विणतात, मटार सोलतात, पण ती ज्या वेगाने सोलायची तो वेग मी दुसरीकडे पाहिला नाही. नेहरू प्लेसला चढताना पिशवीभर शेंगा, यमुनेच्या पुलावर येईस्तोवर डबाभर दाणे. टरफलं ड्रायव्हर घेऊन जायचा. त्याला आम्ही पहलवानजी म्हणायचो. त्याची म्हैस त्या टरफलांवर जगली आणि जानेवारीत हिरवट दूध द्यायची, असं तो शपथेवर सांगायचा. शपथ त्याची, हिरवा रंग माझा.

नवऱ्याचं पत्र आलं तर ते तीन-तीन दिवस पर्समध्ये बंद. “उघडा की वहिनी!” “गुरुवारी बसमध्ये टाइम दिलाय.” एका गुरुवारी सकाळी पुलावर गाड्या अशा अडकल्या की अर्धी बस उतरून भुईमूग खाऊन आली. सगळे शिव्या देत होते. ती खिडकीशी एकच पत्र चौथ्यांदा वाचत होती. तिने एकदाही मनगट वळवलं नाही.

या सगळ्या घड्याळाचा खिळा एकच होता, क्रेश, म्हणजे पाळणाघर. आमच्या पॉकेटमध्ये, म्हणजे आमच्या वसाहतीत, तेव्हा एकच क्रेश. तळमजल्यावर एक रिटायर्ड नर्स चालवायची, आम्ही तिला आंटी म्हणायचो. तिचा नवरा लकव्याने पडून होता. संध्याकाळी सहानंतर त्याची अंघोळ, त्याचं जेवण, त्याची औषधं. म्हणून नियम साधा, सहाला दार बंद. “तीन बार लेट, तो नाम कट।” बस पावणेसहाला स्टॉपवर यायची, तिथून क्रेश तीन मिनिटांवर. कुणीतरी बडा माणूस जायचा म्हणून पूल बंद राहिला तेव्हा तिचा एक उशीर झाला. साहेबाने ऐन निघताना कागद काढले तेव्हा दुसरा. तिसरा झाला की क्रेश गेलं, आणि क्रेश गेलं की नोकरी गेली. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या बसला माहीत होतं.

इथपर्यंतचं निम्मं वजा केलंत तरी चालेल. इथून पुढचं काही वजा करू नका.

आमच्या बसमध्ये एक पद्धत होती. कुणी रिटायर झालं की शेवटच्या दिवशी परतीच्या वाटेवर, पुलाच्या अलीकडे, बस कडेला थांबवायची. हार, सामोसे, गुलाबजाम आणि सेक्रेटरीचं भाषण. त्या दिवशी वर्माजी रिटायर होत होते. मागच्या सीटवर बसणारे, अबोल, वीस वर्षं एकच टिफिन.

सकाळीच ती माझ्यापाशी आली. “भाऊजी, माझे दोन झालेत.”

“ठाऊक आहे. दहा मिनिटं. घड्याळ लावून.”

“नक्की ना? तुम्ही बोलायला लागलात की...”

“वहिनी, माझ्यावर भरोसा नाही?”

ती हसली. “बरं. त्याला दहा मिनिटांचा टाइम दिला.”

संध्याकाळी बस थांबली. हार झाला. मी बोलायला उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्याला वर्माजी हसले. वीस वर्षांत त्यांना कुणी हसताना पाहिलं नव्हतं. मग मी त्यांचा टिफिन हरवला होता तो किस्सा सांगितला. त्यात जरा भर घातली. लोक पोट धरून हसायला लागले, “एक और, एक और!” मी आणखी एक सांगितला. मग आणखी एक. वर्माजींच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मी आणलं होतं.

ती बसच्या दारापाशी उभी होती. हातातल्या कागदी प्लेटमधला सामोसा तसाच. तिने मनगट वळवलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी ते पाहिलं. पाहिलं नाही असं आजवर बऱ्याच जणांना सांगितलंय, पण पाहिलं. आणि मनात म्हटलं, हा एकच संपवतो.

संपवला तेव्हा ती दारात नव्हती. प्लेट पायरीवर ठेवलेली होती.

बस निघाली. पुलावर गर्दी होती. मध्यावर ती दिसली. रिकामी ऑटो मिळाली नसणार. पदर कमरेला खोचून, खांद्याला पर्स, हातात शेंगांची पिशवी, भराभर चालत होती. पहलवानजींनी न सांगता ब्रेक लावला. ती वर आली, आपल्या जागेवर बसली आणि शेंगा सोलायला लागली.  मी शिट्टी खिशात घातली.

स्टॉपवर उतरलो तेव्हा सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी तिच्यामागे गेलो. आंटी फाटकात उभी होती. दोन्ही मुलं दप्तरं पाठीला लावून तयार, धाकट्याच्या बुटाची नाडीसुद्धा बांधलेली. आत कुणीतरी कण्हत होतं.

“बेटा, मैंने तीन बोला था,” आंटी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

“आंटी, गलती मेरी है,” मी म्हटलं. “इनकी नहीं। बस मैंने रोकी थी।”

आंटीने माझ्याकडे पाहिलं. “ठीक है। कल से आप आओगे रोज़, बच्चे लेने?”

मीही त्याच बसने यायचो, ती अडकली की मीही अडकलेला. माझी बायको दुपारच्या शाळेत शिकवायची, तिला घरी यायला सात वाजायचे.   

“चला,” ती मुलांना म्हणाली. मुलीने धाकट्याचा हात धरला. तिघं रस्ता ओलांडून गेली.

तिने पंधरा दिवसांची रजा घेतली. त्यात नोएडापर्यंत क्रेश शोधून आली, कुठेच जमलं नाही. मग राजीनामा दिला. त्या रविवारी मी बायकोला घेऊन तिच्या घरी गेलो. वाटेत वाक्यं जुळवली होती. तिने चहा केला, बिस्किटं दिली.

“वहिनी, मी तुमची...”

“भाऊजी, भाषण छान झालं तुमचं,” ती म्हणाली. “वर्माजी किती हसले.”

टोमणा असता तर मी धरून बसलो असतो. तो नव्हता. “चहा घ्या, निवतोय.” मुलगी विचारत होती, “आई, कल ऑफिस नहीं है?” “नाही.” “परसों?” “नाही.” एवढंच. मी चहा प्यायलो. साखर होती की नव्हती, आठवत नाही.

सोमवारी वेटिंग लिस्टमधलं पहिलं नाव तिच्या जागेवर बसलं. बँकेतला एक चांगला मुलगा होता. वहीत तिच्या नावावर रेघ मीच मारली, पट्टी लावून, सरळ.

मी त्यानंतरही दोन वर्षं सेक्रेटरी होतो. तीन रिटायरमेंट झाल्या. हार घातले, सामोसे वाटले. लोक म्हणाले, बोला. मी म्हटलं, घसा बसलाय.

एकदा सकाळी बस तिच्या ब्लॉकखालून वळत होती. मुलांची शाळेची गाडी गेलेली असणार. ती तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत उभी होती. तारेवर वाळत घातलेलं काही नव्हतं, हातात काही नव्हतं. कठड्यावर दोन्ही हात ठेवून ती खाली बसकडे पाहत होती, की नुसतीच पाहत होती, कळलं नाही. पहलवानजींनी गाडी हळू केली. डाव्या बाजूच्या खिडक्यांतल्या सगळ्यांनी वर पाहिलं. कुणी हात हलवला नाही, मीही नाही. मग मागून हॉर्न वाजला आणि आम्ही वळलो.