तिसऱ्यांदा विचारलं तर

यमुनाबाईंना कुणी पाणी विचारलं तरी त्या दोनदा नको म्हणायच्या. पहिल्यांदा "नाई, आताच पिऊन आली", दुसऱ्यांदा "राहू द्या जी, कायले तरास", आणि तिसऱ्यांदा विचारलं की पेला घेऊन एका दमात रिकामा करायच्या. तहान खरी असायची आणि नकारही मनापासूनचा असायचा. या दोन्हींचं एकमेकांशी भांडण आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही.

हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. दिवसा शाळेतली नोकरी करून वर्ध्यात एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या खोलीत मी संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आणि इंग्रजी आलं नाही तर आपलं काही खरं नाही अशी धास्ती साऱ्या गावानं घेतली होती. कॉलेजच्या पोरापोरींत एक दिवस पन्नाशी उलटलेल्या यमुनाबाई येऊन दारात उभ्या राहिल्या. "बसा," मी म्हटलं. "नाई, राहू द्या," त्या म्हणाल्या. मी फळ्याकडे वळले. पुढचा तासभर त्या पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभ्या होत्या. तास संपल्यावर हळूच म्हणाल्या, "मॅडम, तुमी मंग पुन्हा बस म्हनलंच नाई!" सगळा वर्ग हसला, मीही हसले. माझा स्वभाव मुळात तुटक. एकाला दोनदा विचारायचं म्हणजे वेळेची नासाडी, असं मी तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणायचे.

त्या मूळच्या जवळच्याच आंजी गावच्या. नवरा गेल्यावर बाजारातलं बांगड्यांचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं आणि एकुलत्या एका मुलीला, वर्षाला, शिकवलं. वर्षा लग्न होऊन अमेरिकेत गेली. आता तिला दिवस गेले होते, जावयाला रजा मिळत नव्हती, आणि बाळंतपणाला आईनं यायचं ठरलं होतं. एकटीनं, विमानानं. नागपूरच्या पुढे कधी न गेलेल्या बाईनं. "मले बाकी काई नको मॅडम," त्या म्हणाल्या, "रस्त्यात कोनाले मदत मांगता आली पायजे, बस."

म्हणून मी मदतीचा धडा सगळ्यात आधी घेतला. दुसऱ्याला मदत देऊ करण्याची वाक्यं त्यांनी एका संध्याकाळीत आत्मसात केली. दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या प्रत्येक बाईला "मे आय हेल्प यू?" सुरू झालं. पोरी मुद्दाम ते ऐकायला जायच्या. बांगड्या भरून झाल्या की यमुनाबाई एक जास्तीची बांगडी पुढे करायच्या. गिऱ्हाईक दोनदा नको म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा त्या ती बांगडी तिच्या हातात सरकवायच्याच. असं रोज, वर्षानुवर्षं.

मदत मागायचं वाक्य मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. मी वर्गात दोघादोघांच्या जोड्या लावायचे. एकानं पुस्तकांचा गठ्ठा उचलायचा, दुसऱ्यानं "कॅन आय हेल्प यू?" विचारायचं. गठ्ठा यमुनाबाईंकडे आला की उत्तर ठरलेलं, "नो, थँक यू." हात भरून आलेले, कपाळावर घाम, तरी "नो, थँक यू".

"यमुनाबाई, 'येस, प्लीज' म्हणा! इंग्रजीत एकदाच विचारतात. एकदा नाही म्हटलं की संपलं."

"पयल्याच बारीले हो म्हनलं त मानूस हावरट दिसते, मॅडम."

"मग मदत हवी असली तर?"

"मंग काय, थांबाचं. पयल्यांदा त कोनीबी इचारते. दुसऱ्यांदा शेजारी इचारते. अन तिसऱ्यांदा इचारन ना, ते आपलं मानूस. त्याले नाई म्हनाचं नाई."

मी ते हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मला इंग्रजीची हीच गोष्ट फार आवडायची. आमच्याकडचा तो आग्रह, चहा घ्याच, घास घ्याच, बसाच, यानं मी विटले होते. हळूहळू मी घरीदारीही एकदाच विचारायला लागले. लोक मला फटकळ म्हणाले, आणि मी ते कौतुक समजले.

सहा महिन्यांनी यमुनाबाई अमेरिकेहून परतल्या त्या चॉकलेटचा डबा घेऊन थेट क्लासवर. प्रवासाची गोष्ट त्यांनी अशी रंगवली की वर्ग लोळायचा बाकी राहिला. "ते विमानातली पोरगी आली ना, गाडा ढकलत. इचारलं तिनं मले, जेवन पायजे का. म्या म्हनलं, नो, थँक यू. मनात म्हनलं, आता पुन्हा येईन. ते गेली ना बाप्पा पुढं! पुरा रस्ता मी तिच्याकडं पाह्यत राह्यली. पोटात कावळे अन तोंडात थँक यू!"

वर्ग रिकामा झाल्यावर त्या बाकावर बसून राहिल्या. मी बसा न म्हणताच बसल्या, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

"मॅडम, यायच्या आधी वर्षानं इचारलं मले. म्हने, आई, इथंच राहतं का? म्या म्हनलं, नाई वो, कायले, दुकान हाये माह्यं. त ते म्हने, ओके आई. अन लागली बॅगा भराले."

"तुम्हाला राहायचं होतं?"

"होतं ना. लेकरू ओळखाले लागलं होतं मले." त्यांनी पदरानं डोळे नाही, चष्मा पुसला. "तिचं काई चुकलं नाई. तिकडं एकदाच इचारतेत, तुमी सांगलंच होतं."

"मग सांगा की तिला तसं. फोन करा."

"मांगून घेतलं त ते मांगनं झालं, मॅडम."

त्यानंतर त्या क्लासला आल्या नाहीत. दुकानही टिकलं नाही. पोरींच्या हातातल्या बांगड्या कमी होत गेल्या, मग यमुनाबाईंनी माल डब्यांत भरून घरी आणून ठेवला. आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत त्या राहायच्या. नातवंडाचे फोटो यायचे, दर रविवारी फोन यायचा. फोनवर वर्षा विचारायची, बरी आहेस ना? त्या म्हणायच्या, एकदम बरी. तिनं दुसऱ्यांदा विचारेपर्यंत वेळ संपलेली असायची. मी येताजाता त्यांना दिसले की आमचा जुना खेळ व्हायचा. मी "कॅन आय हेल्प यू?" म्हणायचे, त्या "नो, थँक यू" म्हणायच्या, आणि आम्ही हसायचो.

पुढे काही वर्षांनी, एका मार्चमध्ये सकाळी, मी परीक्षेच्या ड्युटीवर निघाले होते. उशीर झाला होता. यमुनाबाई त्यांच्या पायरीवर भाजीची पिशवी खाली ठेवून उभ्या होत्या. एक हात दाराच्या चौकटीवर. चेहरा राखेसारखा. मी स्कूटी थांबवली, पण बंद केली नाही.

"यमुनाबाई, बरं नाही का? दवाखान्यात नेऊ?" आणि मग, का कोण जाणे, सवयीनं, "कॅन आय हेल्प यू?"

त्यांनी श्वास गोळा केला. "नो, थँक यू, मॅडम."

उच्चार अगदी मी शिकवला होता तसा. मी म्हटलं, "व्हेरी गुड!" आणि निघाले. आरशात दिसल्या. माझ्याकडेच पाहत होत्या, विमानातल्या त्या गाड्याकडे पाहिलं असेल तशा. मला ते दिसलं, कळलंही, आणि तरी मी थांबले नाही. ड्युटीवरून परतताना डोकावेन असं ठरवलं होतं. परतले तेव्हा उन्हानं डोकं दुखत होतं. दुसऱ्या दिवशी शेजारणीनं दार वाजवलं ते उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, आदल्या दिवशीच आणलं असतं तर वाचल्या असत्या. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे, कारण ऐकून रागावायला आता या गावात कुणी उरलेलं नाही.

वर्षा पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. चौथ्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती जमिनीवर बसून बांगड्यांचे डबे खोक्यात भरत होती.

"काही मदत करू का?"

"नो, थँक्स मॅडम, आय ॲम फाइन."

"अगं, करते ना थोडं."

"नको, होईल माझं."

"वर्षा, मी करते," मी म्हणाले आणि तिच्याजवळ खाली बसले. तिनं डबा माझ्याकडे सरकवला. तिसऱ्यांदा विचारायला मला इतकी वर्षं लागली होती, आणि तेही चुकीच्या माणसाला.

आम्ही दोन खोकी भरली. मग ती खाली मान घालून म्हणाली, "मी विचारलं होतं मॅडम तिला, तिकडंच राहतेस का म्हणून. ती नको म्हणाली. तिला इथंच राहायचं होतं. हो ना?"

मी हातातल्या हिरव्या बांगड्या मोजल्यासारख्या केल्या.

"तुमच्याशी बोलायची ती. तिला इथंच आवडायचं ना?"

मला त्या रिकाम्या वर्गातला पुसलेला चष्मा आठवत होता. खरं सांगावं, त्या बाईचं एवढं तरी देणं लागतो आपण, असं वाटत होतं. मी डब्याचं झाकण लावलं. वर्षानं माझं मनगट घट्ट धरलं.

"मॅडम, सांगा ना. तिला इथंच राहायचं होतं ना?"

तिसऱ्यांदा विचारलं की नाही म्हणायचं नसतं. यमुनाबाईंकडून मी शिकले ते एवढंच.

"हो," मी म्हणाले.