योरुनच्या घरातला चार्जर

तार्येईला नवी घरं आवडत नसत. सेतेस्दालच्या खोऱ्यात खाली नदीकाठी जी चकचकीत घरं उठली होती, तिथं विजेच्या गाडीचा चार्जर बसवायचा म्हणजे भिंतीत आधीच टाकलेल्या पाइपातून केबल ओढायची, चार स्क्रू पिळायचे आणि मालकाने दिलेली कॉफी निवायच्या आत बूट घालून बाहेर. छत्तीस वर्षं वायरिंग केलेल्या माणसाला ही शिक्षाच वाटायची. जुन्या घरांत मात्र प्रत्येक भिंत काहीतरी लपवून बसलेली असे, आणि ते शोधून मालकाला चार शब्द सुनावले की त्याचा दिवस चांगला जाई.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी तो चढावरच्या योरुनकडे गेला. योरुन अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचा नवरा हाल्वोर तीन वर्षं घाटापलीकडच्या वृद्धाश्रमात होता. तो सगळ्यांना विसरला होता, पण सकाळी ती दिसली की ओळखायचा. दुपार झाली की तीही परकी. म्हणून ती रोज उजाडायच्या आत विजेच्या गाडीने निघायची. या थंडीत साध्या प्लगवर रात्रभर लावूनही गाडी पुरेशी भरेना. महिन्याभरात तिच्या चार सकाळी बुडाल्या होत्या.

काळा पडलेला प्लग पाहून तार्येई तडकला. "घर पेटवायचंय का तुला?"

"ओरडू नकोस. वॅफल खा, वर चीज घे."

त्याने फ्यूजचं कपाट उघडलं. चिनी मातीचे जुने फ्यूज, आणि सगळ्या घराला मिळून एवढीशी वीज, की नव्या घरात तेवढी एकट्या न्हाणीघराला लागते.

"फ्यूज कितीदा उडतो?"

"लग्न होऊन आले त्या वर्षी एकदा उडाला होता. सासूबाईंनी असं काही बघितलं! त्यानंतर नाही."

तार्येईला ही थाप वाटली. त्याने मीटर लावला आणि म्हणाला, "रोजच्यासारखं काम कर बघू."

योरुनने शेगडी लावली, त्याच हाताने पाण्याचा हीटर बंद केला. ओव्हन लावताना बैठकीतला हीटर कमी केला. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. मीटरचा आकडा चढायचा, फ्यूज उडायच्या अगदी काठापर्यंत जायचा आणि निमूट खाली यायचा. तार्येई हातात वॅफल धरून बघत राहिला. घरात वीज जास्त लागली की आपली कमी करायची, हीच अक्कल इंजिनिअरांनी त्याने आणलेल्या चार्जरमध्ये भरली होती, आणि ही बाई पन्नासहून जास्त वर्षं ती नुसत्या हातांनी चालवत होती. त्याने डोक्यावरची टोपी काढली. कुणापुढे टोपी काढणाऱ्यांतला तो नव्हता.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"यात काय शिकायचं? पळी एकच असली की सगळ्यांना एकदम वाढतं का कुणी?"

मग तिने सगळं बंद केलं, तरी आकडा शून्यावर येईना. चांगली हजारभर वॅट वीज कुठेतरी जात होती.

"वर काय चालू आहे?"

योरुनने ओटा पुसायला घेतला. "हाल्वोरच्या खोलीतला हीटर."

"तीन वर्षं?"

"घरी आला तर गार खोलीत झोपेल का तो?"

तार्येईने हातातलं वॅफल खाली ठेवलं. तो हळूच म्हणाला, "तो हीटर चालू राहिला तर सकाळपर्यंत गाडी घाट ओलांडण्याइतकी भरायची नाही, योरुन. खांबावरून मोठी लाइन घ्यायची तर बर्फ वितळायला हवा. उन्हाळ्यापर्यंत थांबतेस का?"

"उन्हाळ्यापर्यंत तो मला ओळखेल?"

ती फडकं ठेवून जिना चढली. मग मीटरचा आकडा खाली आला.

ती उतरली तेव्हा तिच्या काखेत हाल्वोरची गोधडी होती. ती तिने दाराशी, गाडीच्या किल्लीजवळ ठेवली.

"बसव तुझा तो चार्जर," ती म्हणाली. "तो काही आता इथं यायचा नाही. मलाच जायचंय."