चपलांच्या स्टँडपाशी लावलेला आवाज

मी उठलो तसा मॅडमनं सोफा पुसला. ओल्या फडक्यानं. मी बसलतो तेवढाच तुकडा. बाकीचा कोरडाच ठेवला.

पाच मिनिटं आधी त्याच सोफ्यावर बसवून मला चहा पाजलता. "बसा बसा! अहो, तुम्ही मराठी? अगं ऐकलंस का, हैदराबादमध्ये मराठी टेक्निशियन आलाय आपल्याकडे!" साहेब पुण्याचा. आयटीतला. हिमायतनगरात नवा फ्लॅट, नवा टीव्ही, नवं होम थिएटर. मी ते जोडायला आलेला दुकानाचा माणूस.

"कुठले तुम्ही?"

"देगलूरकडचा, सर."

"अच्छा, मराठवाडा. आडनाव काय?"

सांगितलं.

साहेबाचं तोंड हसतच राहिलं. डोळे तेवढे थांबले. "अच्छा अच्छा," म्हणला. "बरं, मग तू सुरू कर काम."

'तुम्ही' चहाबरोबर संपला.

सहा वर्षं झाली हैदराबादेत. नल्लकुंट्याला खोली आहे. इथल्या तेलुगू गिऱ्हाइकाला माझं आडनाव म्हणजे फक्त एक मराठी शब्द. कुणी काही विचारत नाही, कुणाला काही कळत नाही. ते आडनाव वाचायला मराठी माणूसच लागतो. एवढ्या लांब आलो, आणि मला ओळखलं कुणी? आपल्याच भाषेनं.

मी झेडपीच्या शाळेतला. पहिल्यांदा दुकानात लागलो तेव्हा खोक्यावरचं इंग्रजी दिसू नये म्हणून खोकं फिरवून ठेवायचो. सलीमभाई दुकानातले जुने मिस्त्री. त्यांनी एकेक शब्दाचा माणूस करून दिला मला. "सेंटर चॅनल बोले तो घर का बुजुर्ग. बात करना उसका काम. सबवूफर बोले तो मेरा साला. किधर बैठा दिखता नै, खाली धम धम करता. सराउंड बोले तो पीछे बैठ के चुगली करने वाले."

"और रिसीव्हर, सलीमभाई?"

"वो तेरी चाची. सब उसके हुकुम पे चलते."

मी जात्याच नकल्या. साल्याचं चालणं, चाचीचा आवाज, सगळं करून दाखवायचो. दुकान हसायचं. हसता हसता शब्द पोटात गेले, ते आजतागायत पचलेत.

सगळ्यात मोठा शब्द त्यांनी शेवटी शिकवला. स्वीट स्पॉट. खोलीतली ती एकच जागा, जिथं सगळ्या स्पीकरचे आवाज कानात बरोबर येऊन भेटतात. ती जागा आपोआप होत नाही, करावी लागते. तिथं कानाच्या उंचीवर माईक ठेवायचा. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून 'सुंईऽऽ' करतो. माईक ऐकतो, कोण किती लांब ते मोजतो, आणि त्याच जागेच्या हिशेबानं सगळं जुळवतो. मग मिस्त्रीनं स्वतः तिथं बसून कानानं तपासायचं. "मशीन झूट बोलती, मियाँ. जिधर साब बैठते, उधर पैले तू बैठ."

तर त्या दिवशी वायरी झाल्या, स्पीकर टांगले. मी माईक काढला. "सर, आता मला सोफ्यावर मधोमध बसावं लागेल."

मॅडमनं साहेबाकडं बघितलं.

"सोफा नवीन आहे रे, काय आहे ना," साहेब म्हणला. "तुला बसायची काय गरज? तू आपलं तिकडं कर काय ते."

बोट दारापाशी गेलं. तिथं चपलांचा स्टँड. त्याला लागून प्लॅस्टिकचा स्टूल.

"सर, तुम्ही जिथं बसून बघणार, तिथंच—"

"मला शिकवू नकोस. चार शब्द पाठ केले म्हणजे कळतं असं नसतं. तुम्हा लोकांना सगळीकडं आयतं बसायला पाहिजे."

मी काय केलं? हसलो. खरं सांगतो. माझी जुनी खोड आहे ती. शाळेत स्कॉलरशिपची यादी वाचताना मास्तर नावापुढं जात पण वाचायचे, जरा जास्तच मोठ्यानं. सगळा वर्ग वळून बघायचा. मी लगेच त्याच आवाजात "हजर, गुरुजीऽ" करायचो. पोरं माझ्याऐवजी मास्तराला हसायची. वाटायचं, वाचलो. कुठला वाचलो? एवढी वर्षं मी माझीच बेइज्जती विनोद करून वाटत होतो, पेढ्यासारखी.

हसणं मधेच बंद झालं. म्हणलं, बरं. तिकडं तर तिकडं.

माईक नेऊन स्टूलवर लावला. कानाच्या उंचीवर, अगदी नियमात. 'सुंईऽऽ' झालं. मग स्टूलवर बसलो. नाकाशी साहेबाचे बूट. अर्धा तास घासून घासून आवाज लावला. सिनेमातली बाई श्वास घेते तो ऐकू यायला लागला. कपात साखर विरघळते ती ऐकू येईल की काय असं झालं. एवढं बारीक काम मी जन्मात केलं नव्हतं.

सोफ्यावर बसून साहेबानं नुसती धम धम ऐकली आणि अंगठा दाखवला. कागदावर सही दिली. मी चपला घातल्या.

रविवारी सकाळी दुकानाच्या सेठचा फोन. साहेबाच्या घरी पाहुणे जमलेत, सिनेमा लावलाय आणि बोलणं कळत नाही. सेठ म्हणला, "माफी मांग, उनो बोले वैसा करके दे. नै तो कल से मत आ."

गेलो. तीन जोडपी सोफ्यावर दाटून बसलेली, सगळी मराठी. डावीकडचा स्पीकर त्यांच्या कानात बोंबलत होता आणि घरातला बुजुर्ग, म्हणजे सेंटर चॅनल, तोंडात पान धरल्यासारखा पुटपुटत होता.

"हे बघा, आले आमचे एक्स्पर्ट!" साहेब पाहुण्यांना म्हणला. "काय रे, सेंटर चॅनल म्हणजे काय, सांग बघू यांना. का नुसता शब्दच माहितेय?"

पाहुणे हसले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दारापासून आवाज आला.

"ईडा मंचिगा विनपडतुंदि, सारू."

स्वयंपाकाची यादम्मा. स्टूलवर बसून कोथिंबीर निवडत होती. तिची पण बसायची जागा तीच. ती म्हणत होती, इथं तर झकास ऐकू येतंय.

एक पाहुणा गंमत म्हणून उठला. यादम्मा बाजूला झाली. तो स्टूलवर बसला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "आईशप्पथ! अरे, थिएटर आहे इथं!" मग त्याची बायको. मग दुसरा. चपलांच्या स्टँडपाशी रांग लागली. सोफा रिकामा. "अरे, तू पण ये ना, बस इथं," असं म्हणत त्यांनी साहेबालाच ओढत नेलं.

साहेब स्टूलवर बसला. गुडघे वर, नाकाशी स्वतःचेच बूट.

त्याला कळलं. पुण्याचा माणूस, हुशार.

"हे इथं का लावलंस?"

"मला जिथं बसवलं, तिथं लावलं सर."

मग मी त्याचाच आवाज काढला. नाकातला 'ना', मधली ती मऊ साय, सगळं. "'सोफा नवीन आहे रे, काय आहे ना. तुम्हा लोकांना सगळीकडं आयतं बसायला पाहिजे.'"

एक बाई फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात घेतला. एकानं मान खाली घातली. साहेबाचे कान लाल. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं.

"बरं बरं, गैरसमज झाला," साहेब म्हणला. "बस सोफ्यावर आणि नीट करून टाक पटकन."

मॅडम लगबगीनं पुढं आल्या. आणि सोफ्यावर पेपर आंथरला. पाहुण्यांसमोर. वाईट वाटावं म्हणून नाही, सवयीनं. हात आपोआप गेला.

मी पेपरकडं बघितलं. दहा मिनिटांचं काम होतं. माईक ठेवायचा, बसायचं, झालं. नोकरी राहिली असती.

"पेपर तुम्ही वाचा," म्हणलं. "मी चाललो."

"अरे, तू माफी मागायला आलायस ना? तुझ्या सेठला फोन लावू?"

"लावा. सेंटर चॅनल म्हणजे बोलणारा, सर. आता तुम्ही बोला."

सेठनं त्याच दिवशी काढलं. त्या घरातला आवाज कुणीतरी दुसरा येऊन नीट करील, करू दे. पण साहेब सोफ्यावर बसला की त्याची नजर एकदा दारापाशी जाणार. तेवढं मी त्या भिंतींत ठेवून आलोय.

आता माझा स्वतःचा माईक आहे. स्वतःचं काम. घरात शिरलो की गिऱ्हाइकानं विचारायच्या आधी पूर्ण आडनाव सांगतो, मोठ्यानं, मास्तराच्या आवाजात. मग सोफ्यावर मधोमध बसतो. पाठ टेकून.

हत्यारांचा डबा त्यानंतर उघडतो. कुणाचा हात पेपरकडं गेला, तर उघडत नाही.