दोन्हीपैकी एकही नको असेल तर?

ओल्गा माराकला एक खोड होती: तिला प्रश्न पडायचे, आणि पडले की ती ते विचारायची.

टेक्सासमधल्या तिच्या लिपोव्हा गावात मार्च महिन्यात चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडतात आणि त्यावर मतपत्रिकांचे दोन गठ्ठे ठेवतात, दोन पक्षांचे. नोव्हेंबरच्या खऱ्या निवडणुकीत कुणाला उभं करायचं, ते दोन्ही पक्ष लोकांना असं विचारून घेतात. आपण एका गठ्ठ्यातली पत्रिका उचलायची. अठराव्या वर्षी ओल्गा पहिल्यांदा गेली तेव्हा तिने टेबलामागच्या बाईंना विचारलं, "आणि दोन्हीपैकी एकही नको असेल तर?"

"तर मग पोरी, कोलाचे खा आणि घरी जा."

जर्दाळू भरलेलं ते गोड कोलाचे तिने खाल्लं आणि घरी आली. प्रश्न मात्र तसाच राहिला, चांगली त्रेचाळीस वर्षं.

त्यातली एकतीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. रस्त्यात टर्की ओढ्यावर नुसती फरशी होती. जरा पाऊस झाला की पाणी वरून, आणि बस अकरा मैलांच्या वळशाने. पूल मागायला ती रस्ते-पूल बघायला निवडून दिलेल्या एका पक्षाच्या कमिशनरकडे गेली, मग दुसऱ्या पक्षाच्या. भाषणांत दोघांचाही पूल कधीच बांधून झाला होता. शेवटी त्याच जागेसाठी तिने अपक्ष म्हणून उभं राहायचं ठरवलं.

"डोकं आपटायला भिंतच हवी असेल तर आपल्या कोठाराची आहे की," तिचा नवरा यूजीन म्हणाला. तो ट्रॅक्टर दुरुस्त करायचा आणि आयुष्यात कुणाशी भांडला नव्हता.

अपक्षाचं नाव छापून यायला तिच्या भागातल्या चाळीस मतदारांच्या सह्या लागणार होत्या. मेख अशी, की यंदाच्या मार्चमध्ये ज्याने कुठल्याही गठ्ठ्याला हात लावला, त्याची सही चालणार नव्हती. आता लिपोव्हात मार्चला हॉलवर न जाणारा माणूस शोधायचा कुठे? तिथे गरम सॉसेज मिळतं आणि गावातल्या सगळ्या बातम्या कळतात. तरी ओल्गा दारोदार फिरली. न जाणारी माणसं निघाली, आणि तिला भलतीच मजा वाटायला लागली. एका घरात दोन भाऊ दोन पक्षांत. भांडणं नकोत म्हणून आईने तिसऱ्याला हॉलचं तोंड बघायचं नाही अशी शपथच घातली होती.

एक्केचाळीस सह्या झाल्या. पहिलीच यूजीनची.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी तिने कागद कचेरीत दिले. तिथली डोरीन तिची शाळेपासूनची मैत्रीण. तिने एकेक नाव मार्चच्या यादीशी ताडून पाहिलं.

"दोन बाद, ओल्गा. एकोणचाळीस उरल्या."

"कुठल्या दोन?"

डोरीनने एका शेजारणीचं नाव सांगितलं. दुसऱ्या नावावर नुसतं बोट ठेवलं.

यूजीन बाहेर गाडीत बसला होता. ओल्गा शेजारी बसली आणि तिने दार धाडकन ओढलं.

"मार्चमध्ये गेला होतास तू?"

"सॉसेज आणायला."

"आणि?"

"टेबलावर वॉल्टर होता. म्हणाला, यूजीन, नेहमीचंच ना? मागे ही रांग. इतक्या वर्षांची ओळख गं. नको म्हणायला तोंडच उघडेना."

"मग माझ्या कागदावर सही कशाला केलीस?"

"तू कागद पुढे केलास. तिथेही उघडेना."

तिला संताप आला, रडूही आलं. असल्या माणसाबरोबर पस्तीस वर्षं काढली, याचं नवलही वाटलं. मग ती म्हणाली, "ऑर्विलकाकांकडे घे."

फरशीपलीकडे राहणाऱ्या या म्हाताऱ्याने तिला दोनदा दारातून परत पाठवलं होतं. मतदार यादीत नाव होतं, पण तो मत द्यायला जात नसे. आज ओल्गाने कागद पिशवीतच ठेवला.

"सही राहू दे, काका. तुम्ही हॉलवर का जात नाही, तेवढं सांगा."

ऑर्विलने दार पूर्ण उघडलं. "हे कुणी विचारलंच नाही कधी," तो म्हणाला. "तरुणपणी गेलो होतो. म्हटलं, दोन्ही पत्रिका आधी वाचतो, मग सांगतो कुठली ते. अख्खा हॉल हसला. पुन्हा पाय ठेवला नाही."

ओल्गाने त्याला आपल्या कोलाचेची गोष्ट सांगितली. तो खो खो हसला आणि त्याने पेन मागितलं.

"मत नाही देणार हं तुला."

"नका देऊ."

कचेरी बंद व्हायला दहा मिनिटं असताना डोरीनने शिक्का मारला.

नोव्हेंबरात ओल्गा हरली, तेही सपाटून. पण तो निकाल संध्याकाळचा. सकाळी मत द्यायला यूजीन रांगेत तिच्या पुढे होता. तो आत गेला आणि बराच वेळ आला नाही. वॉल्टरने विचारलंही, "काय रे, झोपलास की काय?"

यूजीन बाहेर आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बायकोला म्हणाला, "सगळ्यात खाली आहे तुझं नाव. पण आहे."